चिलखतावरचे जुने पोचे

टोरांटोहून एका आईचं पत्र आलंय. "काकू, तेरा वर्षांच्या मुलाने शाळेच्या लायब्ररीतून 'द फेअरी क्वीन'ची गद्यातली गोष्ट आणली. लाल क्रॉसची ढाल घेतलेला नाइट, ड्रॅगन वगैरे. दोनदा वाचून झाली. सासूबाई म्हणाल्या, हे ख्रिस्ती धर्माचं पुस्तक आहे. मी काढून घेतलं, तर त्याने माझ्याशी बोलणंच टाकलंय." पुढे शनिवारच्या मराठी शाळेचा आणि डब्याचा प्रश्न आहे.

अगं, आधी ते पुस्तक त्याच्या हातात परत दे. आजच. इथे वाढणारं मूल आपण होऊन रूपककथा दोनदा वाचतं आणि तू ती कपाटात ठेवतेस? सासूबाईंची भीती मला कळते. नातू हातातून निसटेल ही धास्ती आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे. पण उपाय मी नेहमी सांगते तोच: शेजारी बसून मोठ्याने वाचायचं.

पुस्तक ख्रिस्ती आहे, ते लपवू नकोस. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरने १५९० मध्ये या काव्याचे पहिले तीन खंड छापले. लाल क्रॉसवाल्या नाइटची गोष्ट पहिल्या खंडात, विषय पावित्र्य, एकूण सर्ग बारा. दर रविवारी एक सर्ग, म्हणजे तीन महिने. गद्यासोबत मुळातली दोन-तीन कडवी वाच. कडवं नऊ ओळींचं, शेवटची ओळ मुद्दाम लांब. मुलांच्या कानाला ती लगेच जाणवते. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. आमच्याकडेही त्यापुढे कुणी टिकत नाही.

सुरुवात चिलखतापासून कर. पहिल्याच कडव्यात दिसतं की नाइट नवखा आहे, त्याने आजवर शस्त्र चालवलेलं नाही, पण ढालीवर आणि चिलखतावर जुन्या घावांचे खोल पोचे आहेत. मुलाला विचार, हे घाव कुणाला झाले? आणि गप्प बस. त्याला दोन मिनिटं लागली तरी उत्तर तू देऊ नकोस. मग बायबलमधलं इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय काढ: सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. हेच ते चिलखत. आधी कितीतरी जणांनी अंगावर घातलेलं, म्हणून पोचे. आपल्याकडे शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला ते सरकारातून मिळायचं. स्पेन्सरच्या नाइटला घोडा आणि चिलखत दोन्ही गोष्टीतली राजकन्या ऊना आणून देते, म्हणजे तो बारगीर. एवढं सांगितलंस की चिलखत उसनं का, हे मुलाला चटकन कळेल.

बिघडतं ते अर्थ लावायच्या हव्यासाने. गाढव म्हणजे काय, कोकरू म्हणजे काय, सिंह म्हणजे काय, असं सुरू झालं की सर्ग मेला. एका बैठकीला दोनच अर्थ, तेही गोष्ट पुरी झाल्यावर.

तीन ठिकाणी मात्र आधी तू एकटी वाच. ड्युएसा या कपटी चेटकिणीचा तिहेरी मुकुट हा रोमच्या पोपवरचा हल्ला आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचं प्रोटेस्टंट-कॅथलिक भांडण त्यात आहे. वर्गात कॅथलिक मित्र असेल, एखादा गोव्याचाही असेल, तर हे मुलाला सांगायलाच हवं. सान्सफॉय आणि त्याचे दोन भाऊ सारासेन, म्हणजे त्या काळच्या युरोपच्या नजरेतले मुसलमान. तीही नजर तशीच गिळायची नाही. आणि नववा सर्ग. तिथे निराशा माणसाचं रूप घेऊन नाइटला मरायला सांगते, त्याच्या हातात खंजीर देते. ऊना तो हिसकावून घेते. नाइट नुकताच ऑर्गोग्लिओ राक्षसाच्या अंधारकोठडीतून सुटलेला, खचलेला असतो, म्हणूनच ते गोड बोलणं त्याला पटतं. हा सर्ग रात्री झोपताना नको, आणि मुलाला एकट्याला तर नकोच. दहावाही त्याच दिवशी वाच, कारण तिथे त्याच्यावर उपचार होतात. अकराव्यात ड्रॅगनशी तीन दिवस लढाई आहे, ती मुलं स्वतःच वाचतात.

आता सासूबाई. त्यांना व्हिडिओ कॉलवर बसव आणि एकनाथांचं 'विंचू चावला' म्हणायला सांग. "कामक्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला." विष चढतं, मग सत्त्वाचा उतारा. मुलाला म्हणावं, नाइटला ड्युएसा भेटते तिथून दहाव्या सर्गापर्यंत हाच विंचू शोध. नाथांचं निर्वाण १५९९ चं मानतात. स्पेन्सरही त्याच वर्षी गेला. दोघांचं काम शेजारी ठेवलं की आजीला नातवाचं पुस्तक परकं वाटायचं थांबतं. आमच्या घरी सगळ्यात जास्त प्रश्न आजीच विचारते. आणि त्याच काळात इंग्लंडमध्ये जन्मलेला फादर स्टीफन्स गोव्यात मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचत होता, तेही त्यांना सांग. १६१६ साली ते छापलं गेलं.

मराठी शाळेला महिनाभर सुट्टी दे, हेच वाचन धर. डब्यात पोळीचा रोल दे, भाजी कोरडी ठेव. पुस्तकाची परत करायची तारीख आजच बघ आणि मुदत वाढवून घे.