प्रश्नावली छापण्याआधी सेतू केंद्राबाहेर बसून बघ

संशोधनासाठी सरकारी ई-सेवांचा स्वीकार हा विषय घेतलास, छान केलंस. पण प्रश्नावलीची घाई नको. जूनमध्ये, दाखल्यांच्या गर्दीत, एखाद्या सेतू केंद्राबाहेर आठवडाभर बसून बघ.

मी बसले होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक मावशी आल्या. कागदांची पिशवी त्यांनी काउंटरवर रिकामी केली, अर्ज केंद्रचालकाने भरला. ओटीपी गेला पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर. त्याने तो फोन करून सांगितला. नोंद झाली ‘ऑनलाइन अर्ज’. मावशींनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मग ‘ही सेवा वापरायला सोपी वाटते का?’ हे तू कोणाला विचारणार? मावशींना, मुलाला की केंद्रचालकाला? माझ्या मते तिघांनाही, आणि वेगवेगळं.

लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे मांडणारी दोन प्रारूपं, डेव्हिसचं १९८९चं आणि वेंकटेश व सहकाऱ्यांचं २००३चं, जरूर वाच. मात्र दोन्हींचा पाया मुख्यतः नोकरीच्या ठिकाणी संगणक वापरणाऱ्यांवर रचलेला आहे. जिथे अर्जाला दुसरी वाटच नाही, तिथे ‘वापरण्याचा इरादा’ मोजून फारसं हाती लागत नाही.

त्यापेक्षा विश्वास तपास. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तलाठ्याच्या सहीची गरज नाही. तरी लोक शिक्का मागतात का, कोण मागतं, हे गावातल्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीत जाऊन विचार. आणि हो, अर्जाची पावती पाहायला मिळाली तर तारीख टिपून घे. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरलेल्या मुदतीशी ती ताडून बघता येते.