डिजिटल अटक की डिजिटल अरेस्ट? मला विचाराल तर दोन्ही नको

प्रश्न असा आलाय: पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर माणसाला धाकात ठेवून लुटतात, त्याला मराठी बातम्यांत कुणी 'डिजिटल अटक' लिहितं, कुणी 'डिजिटल अरेस्ट', कुठे 'आभासी अटक' पण दिसतं, तर यातलं बरोबर काय, आणि डिजिटलला मराठी शब्द घ्यायचा तर 'अंकीय अटक' म्हणायचं का.

थेट सांगते, यातलं एकही वापरू नका. सगळे डिजिटल या शब्दावर भांडतायत आणि खरी गडबड अटक या शब्दात आहे, तिकडे कुणाचं लक्षच नाही.

आधी माझ्या आत्याचं सांगते, कारण मी या शब्दाच्या मागे तिच्यामुळे लागले. आत्या साताऱ्याकडे असते, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर्ड. एके दिवशी दुपारी फोन आला की तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आणि पाच पासपोर्ट निघाले, मग कॉल मुंबईच्या 'साहेबांकडे' ट्रान्स्फर, मग व्हिडिओ सुरू, समोर खाकी कपडे, मागे झेंडा, आणि फर्मान की तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. आत्या चार तास फोनसमोर बसून होती. दूध उतू गेलं तेव्हा गॅस बंद करायला उठू का म्हणून तिने हात वर करून परवानगी मागितली, जिने चाळीस वर्षं पोरांना हात वर करायला लावलं तिने! संध्याकाळी दूधवाला आला, तो तिच्याच हाताखाली शिकलेला, त्याला ती दारातून कुजबुजत म्हणाली, मला अटक झालीय रे, जा तू. तो आत डोकावून म्हणाला, "बाई, अटक झाली म्हणताय, मग पोलीस कुठं हायत?"

त्या एका प्रश्नाने सगळं सुटलं. एफडी मोडायची राहिली, पैसे वाचले, त्या दूधवाल्या पोरानेच फोन बंद करून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार लावून दिली.

नंतर मी आत्याला विचारलं, अगं तू इतकी पेपर वाचणारी, तुला संशय कसा नाही आला? ती म्हणाली, पेपरातच तर वाचलं होतं ना, की हल्ली लोकांना डिजिटल अटक होते. हे ऐकून मी गप्पच झाले. तिने हेडलाइन वाचली होती, 'निवृत्त अधिकाऱ्याला डिजिटल अटक' या छापाची, आणि तिच्या डोक्यात एवढंच राहिलं की असा एक प्रकार असतो. सावध करायला छापलेल्या बातमीनेच तिला तो प्रकार खरा वाटायला लावला.

म्हणून आता शब्दाकडे येऊ. अटक म्हणजे अडवणं, थांबवणं, अटकाव आणि अटकणं ही याच घरातली मंडळी. (अटकेपार झेंडे लावले त्यातलं अटक म्हणजे सिंधूकाठचं गाव आणि किल्ला, आता पाकिस्तानातल्या पंजाबात, मराठी फौजा १७५८ साली त्याच्याही पलीकडे पेशावरपर्यंत गेल्या होत्या, ती गोष्ट वेगळी.) पण आजच्या मराठीत अटक म्हटलं की एकच अर्थ मनात येतो, कायद्याने माणसाला ताब्यात घेणं. आणि कायद्यातली अटक हा अगदी अंगाला हात लागण्याचा प्रकार आहे. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम ४३ मध्ये अटक कशी करायची ते लिहिलंय, पोलिसाने प्रत्यक्ष त्या माणसाच्या अंगाला हात लावायचा किंवा त्याला अडवून धरायचं, माणूस बोलून किंवा वागण्यातून स्वतःच ताब्यात आला तर तेवढी जबरदस्ती लागत नाही. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी पाहिजे. अटकेची कारणं सांगावी लागतात. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. यातलं मोबाइलच्या स्क्रीनमधून काय होणार आहे? पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये स्पष्ट सांगितलं की कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही व्यवस्था नाही. म्हणजे जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिला आपण रोज सरकारी नाव देऊन छापतोय.

आणि गंमत बघा, क्राइमच्या बातम्या लिहिणारी मंडळी एरवी या शब्दाला किती जपतात. संशयिताला स्टेशनला नेलं तर 'ताब्यात घेतले' लिहितात, अटकेची नोंद झाली की मगच 'अटक केली', पुढे 'पोलीस कोठडी' वेगळी आणि 'न्यायालयीन कोठडी' वेगळी, 'स्थानबद्ध' वेगळं, 'नजरकैद' वेगळी. रंगात आले तर 'जेरबंद', जो शब्द आज बिबट्यालाही लावतात आणि मुळात घोड्याच्या साजातल्या पट्ट्याचं नाव आहे. इतक्या बारीक पायऱ्या ज्या भाषेत आहेत, त्याच भाषेत चोराने फोन केला की लगेच 'अटक'! चोराने स्वतःच्या कामाला जे नाव ठेवलं ते आपण जसंच्या तसं उचललं, वर त्याचं भाषांतर पण करून दिलं.

काही जण म्हणतील, अवतरण चिन्हात लिहितो ना आम्ही. टीव्हीवरची बाई बोलताना अवतरण चिन्ह कुठे दाखवते? आणि आत्या बातमी मोठ्याने वाचते तेव्हा ती दोन टिंबं कुणालाच ऐकू येत नाहीत.

डिजिटल हा शब्द इथे आगीत तेल ओततो तो असा. सरकारी गोष्टीच्या आधी डिजिटल लागलं की आपल्याकडे त्याचा अर्थ होतो की तीच खरी गोष्ट आता ऑनलाइन मिळते. डिजिटल सातबारा खरा असतो, तलाठ्याच्या सहीशिवाय चालतो. ई-चलान खरं असतं, रस्त्यात कुणी अडवत नाही, थेट मोबाइलवर दंड येतो. कोरोनात कोर्टाच्या सुनावण्या व्हिडिओवर झाल्या, आजही होतात, त्या पण खऱ्या. मग माणूस सरळ हिशोब करतो की सातबारा ऑनलाइन, दंड ऑनलाइन, कोर्ट ऑनलाइन, तर अटक पण आली असेल ऑनलाइन. हा हिशोब मूर्खपणाचा अजिबात नाही. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतींना या लोकांनी व्हिडिओवर चक्क सुप्रीम कोर्ट भरवून दाखवलं, सरन्यायाधीश म्हणून तोतया बसवला आणि ७ कोटी काढून घेतले. ज्यांच्या हाताखाली वकिलांची फौज असते त्यांची ही गत, तर माझ्या आत्याला कोण नावं ठेवणार. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये खऱ्या सुप्रीम कोर्टाने याची स्वतःहून दखल घेतली, तीही अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून.

बरं मग म्हणायचं काय? इथे मराठी खरंच श्रीमंत आहे हो, जरा थांबून बघा. खोट्या गोष्टींना आपण एकच विशेषण लावत नाही, प्रत्येक खोट्याचं विशेषण वेगळं. नोटा बनावट, नाणं खोटं, दुधात भेसळ, बाबा भोंदू, किल्ली आणि स्पेअर पार्ट डुप्लिकेट, पोलीस तोतया, डॉक्टर बोगस, बियाणं बोगस, मतदार बोगस. कुणी शिकवत नाही पण 'भोंदू नोट' किंवा 'भेसळ पोलीस' कुणी म्हणत नाही, पोरं सुद्धा चुकत नाहीत.

मला आधी वाटलं 'तोतया अटक' म्हणावं. तोतया शब्दाला आपल्याकडे केवढा इतिहास! पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ गेले, त्यांचा देह ओळखण्यावरून शंका राहिली, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते गेले हे मानलंच नाही, आणि काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणणारा एक उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गेली, कोकणातले किल्ले गेले, शेवटी १७७६ साली त्याला मृत्युदंड दिला तेव्हा प्रकरण मिटलं. लोकांनी त्याला का मानलं? कारण मनात आशा होती. आजचा तोतया मनातल्या भीतीवर उभा राहतो, एवढाच फरक. तर शब्द माझ्या फार आवडीचा, पण तो माणसाला लागतो, कामाला लागत नाही, आणि मथळ्यात तर पंचाईतच होते. 'तोतया अटकेत' म्हणजे तोतयाला पकडलं, अगदी उलटा अर्थ! म्हणून तो फोनवरच्या माणसासाठी ठेवू, तोतया पोलीस, तोतया सीबीआय अधिकारी, तिथे त्याच्यासारखा शब्द नाही.

'खोटी अटक' म्हणू का? नको, त्यात खऱ्या पोलिसांनी निरपराध माणसाला अडकवलं असा वास येतो. 'बनावट अटक'ला पण तीच अडचण, 'बनावट चकमक' आपण खऱ्या पोलिसांबद्दल म्हणतो, कान तिकडेच जातो. 'आभासी अटक' म्हणजे तर वाफेसारखं काहीतरी, आत्याला भास झाला नव्हता, समोर माणूस होता आणि दम देत होता.

उरलं बोगस, आणि माझं मत तिथे पक्कं आहे: 'बोगस अटक'. मराठीत बोगसचा अर्थ बघा किती नेमका झालाय, ज्याला अधिकारच नाही तो बोगस. डिग्री नसताना दवाखाना टाकला तो बोगस डॉक्टर, मान्यता नसताना चालवली ती बोगस शाळा. तसंच अधिकार नसताना केली ती बोगस अटक, अर्थ चपखल बसतो आणि ऐकणाऱ्याला पहिल्याच शब्दाला कळतं की हे खरं नाही. डिजिटल अटक ऐकून माणूस घाबरतो, बोगस अटक ऐकून चिडतो, आणि चिडलेला माणूस फोन ठेवतो.

बोगस इंग्रजी आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगते, आहे, मूळ अमेरिकेतला आहे, एकोणिसाव्या शतकात खोटी नाणी पाडायच्या यंत्राला तिकडे बोगस म्हणायचे. पण पेरणी वाया गेली की शेतकरी 'बियाणं बोगस निघालं' म्हणतो तेव्हा तो इंग्रजी बोलत नसतो. अंकीयच्या बाजूने मात्र एकही शेतकरी उभा राहायचा नाही. अंकीय अटक म्हणजे गणिताच्या पेपरात नापास झाल्यासारखं वाटतं, ते सोडून द्या.

क्रियापदाचं पण बघायला पाहिजे, कारण 'अटक केली' मध्ये करणारा पोलीस असतो आणि जिला केली ती आरोपी वाटते. याला आपल्याकडे आयता शब्द आहे, 'डांबून ठेवणं'. अटक कायदा करतो, डांबतो तो गुंड. अपहरणाच्या बातमीत 'खोलीत डांबून ठेवले' लिहितोच ना, मग 'व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवले' लिहायला काय हरकत आहे? गुन्हेगार कोण ते क्रियापदच सांगून टाकतं.

आणखी दोन सवयी या बातम्यांतून जायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. एक म्हणजे शेवटच्या ओळीत ठोकून दिलेलं 'आमिषाला बळी पडल्या'. आमिष कसलं? दामदुप्पटवाल्या स्कीममध्ये आमिष असतं, इथे तर नुसता धाक आहे, ज्यांनी आयुष्यात सिग्नल तोडला नाही असली माणसं यात सापडतात, कारण त्यांनाच पोलिसांची भीती वाटते. त्यांच्यावर हावरटपणाचा शिक्का मारू नका. दुसरं म्हणजे 'सायबर भामटे'. भामटा हे एका जमातीचं नाव आहे, इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, पण आपल्या मथळ्यांत तो अजून आहे. लबाड, ठकसेन, लुटारू, तोतया, एवढे शब्द पडलेत की घरात, त्यातला कुठलाही घ्या.

एका वर्षात, २०२४ मध्ये, या प्रकारच्या सव्वा लाखाच्या आसपास तक्रारी झाल्या आणि १,९०० कोटींच्या वर पैसे गेले, ही केंद्र सरकारने संसदेत दिलेली माहिती आहे. म्हणून मी इतक्या तळमळीने लिहितेय. आत्याच्या वयाच्या माणसांना सायबर, मालवेअर, म्यूल अकाउंट कळायला वेळ लागेल, बोगस आजच कळतं.

तर विचारणाऱ्यांसाठी मथळा असा लिहून दाखवते: 'बोगस अटकेचा धाक; निवृत्त शिक्षिकेला व्हिडिओ कॉलवर डांबून ४० लाखांना लुटले'. लांबी जवळपास तेवढीच, कुठल्याही कॉलममध्ये मावेल.

आणि शुद्धलेखनाचं विचारलं होतंत म्हणून, डिजिटल लिहिताना दोन्ही वेलांट्या पहिल्या, 'डिजीटल' नको. अटक स्त्रीलिंगी, ती अटक, अटकेत, अटकेचा. आत्या मात्र आता भिशीत सगळ्या बायकांना ही गोष्ट सांगते तेव्हा अटक हा शब्दच घेत नाही, ती म्हणते, "त्या मेल्याने मला चार तास फोनपुढं बसवून ठेवलं."