चांदोलीत वाघीण आणली, पण जंगलाचा समतोल परत येईल का?

तुम्ही विचारलंय की ताडोबाची वाघीण 2025 च्या नोव्हेंबरात आमच्या सांगलीकडच्या चांदोली राष्ट्रीय उद्यानात आणली, त्याने सह्याद्रीच्या जंगलाचा समतोल परत येईल का. येऊ शकतो, पण नुसती वाघीण आणून नाही. मी शिराळ्याकडचा, त्यामुळे विषय घरचाच, पण आधी मध्य प्रदेशातला पन्ना व्याघ्र प्रकल्प बघा.

2009 मध्ये पन्नात शिकारीमुळे एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्ह्याहून एकेक वाघीण आणली, मग नोव्हेंबरात पेंचहून टी-3 नावाचा नर आणला. तो थोडे दिवस राहिला आणि निघाला की सरळ दक्षिणेला, जिथून आणला त्या पेंचच्या दिशेने! महिनाभरात चारशेहून जास्त किलोमीटर चालला, शेतंबितं, गावं, रस्ते सगळं ओलांडत, आणि मागे हत्ती घेऊन फॉरेस्टची माणसं. शेवटी दमोह जिल्ह्यात बेशुद्ध करून परत आणला, वाघिणीचं मूत्र झाडांवर शिंपडलं, तेव्हा कुठे तो थांबला. एप्रिल 2010 ला टी-1 ला, म्हणजे बांधवगडहून आणलेल्या वाघिणीला, 4 पिल्लं झाली. आज तिथे पन्नासच्या वर वाघ आहेत.

हे नुसतं वाघ आणून झालं नाही हो. ज्या कारणाने वाघ गेले ते कारणच आधी धरलं, फील्ड डायरेक्टर श्रीनिवास मूर्तींनी रात्रंदिवस गस्त लावली, गावकऱ्यांना सोबत घेतलं. ज्यांना माग काढणं पिढ्यान्‌पिढ्या येतं ती पारधी समाजातली पोरं आता तिथे गाईड म्हणून लोकांना जंगल दाखवतात, मला तर ह्याचं जास्त कौतुक वाटतं.

आता आपल्याकडचं. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळाएवढी जनावरं लागतात, आणि कळप न संपता तेवढी मिळायला जंगलात पाचेकशे तरी हवीत. मी दोनदा बुद्धपौर्णिमेला चांदोलीत मचाणावर बसलोय, गवे दिसले, भेकर दिसलं, सांबर रात्रभरात एकच. सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणून तिथे वाढवायचं काम केलंय ते म्हणूनच, कारण जंगलात पोट भरलं नाही तर वाघीण गोठ्याकडेच येणार ना. आणि आलीच, तर ज्याची म्हैस गेली त्याला भरपाई आठवड्याभरात हातात पडली पाहिजे, सहा महिने हेलपाटे मारायला लावले तर मेलेल्या म्हशीत कोणी विष घातलं की वाघीण पण गेली आणि तिची पिल्लं पण.