आईला नुकताच मधुमेह निघालाय. डॉक्टर गोळ्या लिहून 'सिस्टरला भेटा' म्हणतात. सिस्टर वेगळं काय सांगणार?

सांगणार थोडं, विचारणार जास्त. मी ठाण्यात मधुमेहाच्या ओपीडीत सिस्टर आहे. 'गोड बंद करा' हे शेजारणीपासून सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. मी विचारते, चतुर्थीला काय खाता? मग कळतं, साबुदाण्याची खिचडी, वर दोन केळी आणि उपास म्हणून गोळी बंद. किंवा उलटं, गोळी घेतली आणि पोटात काहीच नाही. काही गोळ्यांनी अशा वेळी साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

इन्सुलिनवाल्यांना मी सिरिंज देऊन 'भरून दाखवा' म्हणते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपीची. केशरी टोपीची १००ची. दुकानात लाल नव्हती म्हणून केशरी आणली, तर २०च्या खुणेपर्यंत भरूनही अंगात जातात ८ युनिट! आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. मग पोट चाचपते. रोज एकाच जागी टोचलं की गाठ येते. तिथे दुखत नाही म्हणून लोकांना तीच जागा आवडते, पण औषध धड शोषलं जात नाही. तुमच्या आईला सध्या हे लागणार नाही बहुतेक.

पाय मात्र आत्तापासून. नवरात्रात टेंभी नाक्याला अनवाणी जाणाऱ्या बायकांना मी दरवर्षी टोकते आणि दरवर्षी बोलणी खाते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला ऑक्टोबरातल्या डांबराचा चटका कळतच नाही. फोड दिसतो तो दोन दिवसांनी. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, वाकता येत नसेल तर आरशात.

जाताना गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट न्या, आणि घरात स्वयंपाक जो करतो त्यालाही. तुम्ही तिशी ओलांडली असेल तर तुमचीही उपाशीपोटीची साखर बघून घ्या, कारण आईला असला की मुलांना धोका वाढतो. १०० ते १२५मध्ये आली तर अजून मधुमेह नाही. चालणं आणि वजन उतरवणं याचा सगळ्यात जास्त उपयोग तेव्हाच होतो.