घोडकाठचे पहिले रहिवासी

प्रश्न : शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावच्या पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) सर्वांत आधी वस्ती करणारे लोक कोण होते? ते कुठून आले आणि त्यांनी गाव का सोडले? – एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे येथे उत्खनन केले. ह. धी. संकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून शंभराहून अधिक घरे उजेडात आली. सर्वांत खालच्या थरातील वस्ती इ.स.पू. १६०० च्या सुमाराची असून तेथील रंगीत नक्षीची भांडी माळव्यातील भांड्यांशी जुळतात. म्हणून हे पहिले शेतकरी नर्मदेकडून तापी ओलांडून दक्षिणेत उतरले असावेत, असे मानले जाते. मात्र खापरावरून कोणाची भाषा किंवा जात ठरवू नये. तो मोह अभ्यासकांनाही अनेकदा आवरलेला नाही.

इ.स.पू. १४०० नंतर प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ओळखली जाणारी संस्कृती येथे रुजली आणि गाव भरभराटीला आले. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरे, धान्याची पेवे आणि कणग्यांचे ओटे, कुंभाराची भट्टी हे सारे सापडले आहे. जव हे मुख्य पीक होते आणि त्याच्या जोडीला गहू, मसूर, कुळीथ यांचीही लागवड होई. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट खोदला होता. माझ्या मते इनामगावची खरी थोरवी या पाटात आहे, कारण असे काम एकट्यादुकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नसते; त्यासाठी माणसे जमवणारा आणि पाण्याची वाटणी ठरवणारा कोणीतरी असावा लागतो. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे, धान्यकोठार असलेले घर मिळाले असून त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचे दफन होते. तो गावचा प्रमुख असावा, हा उत्खनकांचा तर्क मला पटतो.

इतरांच्या वाट्याला असा रांजण आला नाही. प्रौढांना घराच्या जमिनीखालीच, उत्तरेकडे डोके करून, घोट्याखालची पावले तोडून पुरत असत. मृताने घर सोडून भटकू नये, ही त्यामागची समजूत असावी. लहान मुलांसाठी तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ वापरीत.

गाव सोडण्याचे कारण म्हणून एखादा पूर किंवा आक्रमण शोधण्याची गरज नाही. इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत प्रशस्त चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसतात, भांडी ओबडधोबड होतात आणि शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्या व शिकार यांवरील भर वाढतो. पाऊस घटल्याने असे झाले, असे ढवळीकरांचे मत होते. अलीकडच्या काही अभ्यासकांना केवळ हवामानाचे कारण पुरेसे वाटत नाही. माझा कल या दुसऱ्या मताकडे आहे, कारण शेती पूर्णपणे कधीच थांबली नव्हती आणि लोक हलाखीतही सुमारे तीनशे वर्षे त्याच पांढरीवर टिकून राहिले. इ.स.पू. ७०० च्या सुमारास मात्र वस्ती उठली.