‘थांब, आता उठता येत नाही’: गेम खेळणारा मुलगा आणि आईची हाक

‘दोन तास म्हणून बसतो आणि मध्यरात्री उठतो. जेवायला हाक मारली की अंगावर येतो. मॅडम, ह्याला व्यसन लागलंय का?’ हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला येणारे आईवडील सांगली-मिरजेत वरचेवर भेटतात. इथे दिलेलं घर विश्रामबागेतलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा 17 वर्षांचा, अकरावी सायन्सला. वडिलांचं मार्केट यार्डात अडत दुकान, हळदीचे सौदे सुरू झाले की त्यांचं घरात लक्ष नसतं, त्यामुळे संध्याकाळची सगळी भांडणं आईच्या वाट्याला. दहावीला चांगले मार्क, अकरावीच्या पहिल्या सहामाहीत फिजिक्समध्ये नापास. त्याच सुमारास घरात ‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओ गेम आला. आईच्या मनात हिशेब सरळ होता: गेम आला, मार्क गेले.

पहिल्या भेटीत उपदेश करायचा नसतो, तक्ता भरून घ्यायचा असतो. एका कागदावर सात दिवस, प्रत्येक दिवसाचे 24 तास. झोप, कॉलेज, क्लास, जेवण, गेम, मोबाइल अशा रंगीत खुणा. एक तक्ता आईने भरायचा, एक मुलाने, एकमेकांना न दाखवता. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं ते असं. सोमवार ते गुरुवार गेम दोन-अडीच तास, शुक्रवारी-शनिवारी रात्री पाच-सहा तास. झोप मात्र कॉलेजच्या दिवसांतही साडेपाच-सहा तासच, आणि या वयाला आठ ते दहा तास लागतात. भांडणं जवळजवळ सगळी रात्री नऊ ते साडेनऊच्या दरम्यान, म्हणजे जेवणाच्या हाकेला. आईला वाटत होतं तेवढे तास नव्हते, मुलाला वाटत होती तेवढी झोप नव्हती.

व्यसनाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतला आहे. 2019 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि जानेवारी 2022 पासून ते वर्गीकरण लागू झालं. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा उरलेला नसणं, बाकी सगळ्या कामांच्या आणि आवडींच्या पुढे गेम जाणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं किंवा वाढणं. हे साधारण 12 महिने टिकलेलं असावं आणि शिक्षण, घर, नाती यांवर ठळक परिणाम झालेला असावा. हा मुलगा कॉलेज बुडवत नव्हता. मामाकडे तासगावला चार दिवस राहिला तेव्हा गेमवाचून चिडचिड केली नव्हती. हे व्यसन नव्हतं. पण अपुरी झोप आणि रोजचं भांडण या दोन खऱ्या अडचणी होत्याच.

दुसऱ्या भेटीला मुलाला गेमची वही आणायला सांगितली होती. असे खेळ मन लावून खेळणाऱ्यांकडे बहुधा वही असते. ‘एल्डन रिंग’मध्ये कुठलं काम अर्धं राहिलं, कोण कुठे भेटलं, याची यादी गेम स्वतः ठेवत नाही, ती खेळणाऱ्यानेच ठेवायची. दोनशे पानी वही, निम्मी भरलेली. एका पानावर ‘अलेक्झांडर, मातीचा रांजण, स्टॉर्महिलला खड्ड्यात अडकलाय, मागून जोरात हाणायचा’. खाली दुसऱ्या शाईत ‘रादानच्या लढाईला परत भेटला’. त्याखाली बाण काढून ‘पुन्हा अडकलाय, आता तेल लागतं’. कडेला मित्रांची नावं आणि कुणाला काय सांगायचं राहिलंय. मुलांच्या एका ग्रुपमध्ये हाच इतरांना वाटा सांगायचा, अडलेल्याच्या मदतीला जायचा. आईने ती वही पहिल्यांदाच उघडली. पुढच्या अर्ध्या तासात मुलगा जेवढं बोलला तेवढं महिनाभरात घरी बोलला नव्हता.

मग मुद्द्याचा प्रश्न विचारला: नऊला हाक आली की उठवत का नाही? त्याचं उत्तर गेमच्या रचनेतच आहे आणि आईवडिलांनी ते समजून घ्यायलाच हवं. या गेमला नेहमीसारखा पॉजचा पर्याय नाही. उघड्या माळावर तसाच सोडून जेवायला गेलात, तर शत्रू येऊन मारतात. मेलं की साठवलेले ‘रून’, म्हणजे त्या जगातला पैसा आणि अनुभव दोन्ही, तिथेच पडतात. ते उचलायच्या आधी पुन्हा मेलं तर कायमचे गेले. त्यामुळे ‘थांब, आता उठता येत नाही’ हे त्या क्षणी खरं असतं. आईला तो उर्मटपणा वाटतो, मुलाला आई अडाणी वाटते. एकदा आईने रागाने मेन स्विच बंद केला होता. गेम सतत आपोआप सेव्ह होत असतो. नेमकं त्या वेळी वीज गेली तर फाइल बिघडू शकते आणि महिन्यांचा खेळ वाया जाऊ शकतो. मेन स्विच बंद करू नका. त्याने तास कमी होत नाहीत, मुलं दार लावून बसायला मात्र शिकतात.

मुलांनाही एक गोष्ट नीट माहीत नसते, किंवा माहीत असून सांगत नाहीत. मेनूत जाऊन ‘क्विट गेम’ केलं तर खेळ आहे त्या जागी सेव्ह होतो. खाली पडलेले रूनही दुसऱ्या दिवशी तिथेच असतात. पुन्हा मेल्याशिवाय ते जात नाहीत. बॉसच्या, म्हणजे गेममधल्या मोठ्या शत्रूच्या, लढाईतून असं बाहेर पडलं, तर परत आल्यावर आपण दाराबाहेर उभे असतो, एवढंच. म्हणजे उठायला काही सेकंद पुरतात. खरी ओढ असते ती ‘अजून एकदाच’ची. बॉसशी एक झुंज दोन-चार मिनिटांत संपते, हरलं की लगेच पुन्हा दारात, आणि रून आत पडलेले असले की ते सोडून झोपायला जायचं मन होत नाही.

म्हणून करार नुसत्या घड्याळावर केला नाही, गेमच्या भाषेत केला, आणि मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला. बॉसच्या दारात जायच्या आधी रून खर्च करून टाकायचे, लेव्हल वाढवायची किंवा सामान घ्यायचं, म्हणजे आत काही अडकून पडत नाही. एका रात्री एका बॉसशी पाच झुंजी, पाचवी हरली की त्या दिवशी तो बॉस बंद. दहानंतर नवा बॉस नाही, फक्त फिरणं. साडेदहाला ‘साइट ऑफ ग्रेस’पाशी, म्हणजे गेममधल्या विसाव्याच्या जागी, बसून बाहेर पडायचं. मित्रांबरोबर जोडून खेळणं शनिवारी दुपारी चार ते सात, कारण त्यातून मध्येच उठलं की सगळ्यांचा डाव मोडतो. आईने एकच करायचं: नऊला हाक मारायची असेल तर पावणेनऊला खोलीत जाऊन सांगायचं, स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही.

करार मोडला तो मलेनियापाशी. ही बॉस तिचा वार लागला की स्वतःची ताकद परत भरून घेते, त्यामुळे जिंकत आलेली झुंज शेवटच्या क्षणी उलटते. ‘थोडक्यात राहिलं’ ही भावना तिथे इतकी पक्की बसते की पाचाच्या पंधरा झुंजी होतात आणि रात्रीचा एक वाजतो. असं झालं की करार फाडायचा नाही, त्या एका जागेपुरता बदलायचा. तिच्याशी फक्त शनिवारी-रविवारी दिवसा आणि तीनच झुंजी, असं ठरलं. तिला न हरवताही गेम पूर्ण होतो हे मुलाला माहीत होतं, पण ते त्याच्या तोंडून वदवून घेण्याचा उपयोग झाला.

आता मार्कांचं. तक्त्याच्या मागच्या बाजूला तारखा मांडल्या तेव्हा कळलं की फिजिक्स गेम यायच्या आधीच सुटलं होतं. मराठी माध्यमातून दहावी, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. पहिल्या दीड महिन्यात व्हेक्टर डोक्यावरून गेले, आणि भरल्या वर्गात हात वर करायची लाज वाटली. गेममध्ये वीस वेळा हरलं तरी कुणी हसत नाही आणि पुढचा प्रयत्न लगेच करता येतो. ती जागा त्याने धरली यात नवल नाही. इलाज गेम काढून घेणं हा नव्हता. दोन्ही भाषांत समजावणारे एक सर शोधले, चारच मुलांची बॅच, आठवड्यातून तीन दिवस. पुढच्या परीक्षेत तो काठावर पास झाला. वडिलांचं अजून पूर्ण समाधान नाही आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात.

या घरात ज्याची कुणालाच काळजी नव्हती ती गोष्ट आजीच्या बोलण्यातून निघाली. तेरा वर्षांची धाकटी आईच्या मोबाइलवर ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ खेळते. फुकटचा, रंगीत, गोड दिसणारा, म्हणून सगळे निर्धास्त. सवयीच्या दृष्टीने हा जास्त सांभाळावा लागतो. एकदा विकत घेतलेला गेम ‘रोज ये’ म्हणत नाही, हा म्हणतो. त्यातलं ‘रेझिन’, म्हणजे बक्षिसं घ्यायला खर्च होणारी ऊर्जा, दर आठ मिनिटांना एक भरतं, 200 झालं की भरणं थांबतं, म्हणजे साधारण 27 तासांत परत आलं नाही तर वाया जातंय असं वाटत राहतं. रोजची चार कामं आशियाच्या सर्व्हरवर पहाटे चारला बदलतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड असतो. धाकटी ‘आजची’ कामं उरकायला पांघरुणात मोबाइल घेऊन जागत होती. तिला कामं शाळेतून आल्यावर करायला सांगितली. पंधरा-वीस मिनिटांत होतात.

पैशाचा हिशेब तिनेच कागदावर केला. नवं पात्र मिळवायला गेममध्ये सोडत काढावी लागते, तिला ‘विश’ म्हणतात. एका ‘विश’ला 160 प्रायमोजेम, म्हणजे त्या गेममधलं चलन, रोजच्या कामांतून मिळतात 60. पाच तारे असलेलं पात्र निघण्याची शक्यता दर विशला 0.6 टक्के, आणि 90 व्या विशला ते नक्की. म्हणजे 14,400 प्रायमोजेम, नुसत्या रोजच्या कामांवर 240 दिवस, आणि तरी हवं तेच पात्र निघेल याची खात्री नाही. विकत घेण्याचा मोह कुठून येतो ते तिला त्या आकड्यावरून समजलं. आईच्या मोबाइलवर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग केली आणि रात्री मोबाइल आजीच्या उशाशी.

तक्ता आणि करार सगळ्या घरांना पुरत नाहीत. मुलाने शाळा-कॉलेज सोडलं, दिवस-रात्र उलटी झाली, आंघोळ-जेवण सुटलं, घरातले पैसे जाऊ लागले, किंवा गेम बंद केल्यावर जीव देण्याची भाषा आली, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या, तक्ता भरत बसू नका. तातडीने बोलायचं असेल तर सरकारची ‘टेली मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.