पोरगी जेवत नाही, डॉक्टर कुठला गाठू?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगी 16 वर्षांची, अकरावी सायन्स, सोबत नीटचा क्लास. दहावीच्या सुट्टीत ‘जरा बारीक होते’ म्हणत भात सोडला, मग भाकरी, मग तेल-तूप, आता काकडी आणि ताक एवढंच. संकष्टी, गुरुवार, शुक्रवार सगळे उपवास धरते पण फराळाला शिवत नाही. चार महिने पाळी नाही, केस गळतात, मे महिन्यात स्वेटर घालून बसते. आणि आमच्यासाठी मात्र हौसेनं केक करते, मोबाईलवर तासन्‌तास रेसिप्या बघते! एका दवाखान्यात टॉनिक आणि पाळी यायच्या गोळ्या दिल्या, रक्त नॉर्मल आलं म्हणाले. सासूबाई म्हणतात नजर लागली, मिस्टर म्हणतात तू लाडावून ठेवलीस. माझं काय चुकलं?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, आणि हे मी बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. आईवडिलांमुळे हा आजार होतो ही समजूत जुनी झाली, उलट या वयाच्या मुलींना बरं करण्यात सगळ्यात मोठा हात आईवडिलांचाच असतो. पोरीला न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते ॲनोरेक्सिया नावाच्या आजारासारखं वाटतंय. केक आणि रेसिप्यांचं कोडं पण त्यातलंच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 ला अमेरिकेत मिनेसोटात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, तर ती पोरं दिवसरात्र खाण्याचंच बोलायची, काहीजण तर पाककृती जमवायला लागले. म्हणजे उपाशी मेंदू असाच वागतो, हट्ट किंवा नाटक नाही ते.

आता पहिलं काम शरीराचं. रक्त नॉर्मल आलं यावर विसंबू नका, या आजारात पोरगी बरीच खालावली तरी रिपोर्ट ठीक येऊ शकतात. नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम एवढं बघून घ्या, या आठवड्यातच. जागेपणी नाडी 50 च्या खाली, उभं राहताना चक्कर, पाणीसुद्धा नको म्हणणं, यातलं काही असेल तर ॲडमिट करावं लागतं. आणि अशा वेळी घरी एकदम भरपूर खायला घालू नका हं, फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस झपकन खाली येतं, हृदयाला धोका होतो, म्हणून हॉस्पिटलात रोज रक्त तपासत, बी-वन व्हिटॅमिन देत खाणं वाढवतात. पाळीच्या गोळ्यांचं म्हणाल तर त्यांनी रक्तस्राव येईल, पण हाडं ठिसूळ व्हायची थांबत नाहीत. पाळी बंद होते ती शरीर उपाशी म्हणून, वजन भरलं की बहुतेक वेळा आपसूक येते.

डॉक्टर कुठला? एकटा कुठलाच पुरत नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि हा आजार माहीत असलेली डाएटिशियन, असे सगळे एकमेकांशी बोलणारे हवेत. तुम्हाला लांब जायला नको, मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीतून सुरुवात करा. पहिल्या भेटीत सरळ विचारा, ‘खाण्याच्या आजाराचे पेशंट बघता का, आणि घरच्यांना घेऊन उपचार करता का?’ इथे तसं कोणी नाही मिळालं तर पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टकडून ऑनलाइन सेशन घेता येतात, पण वजन आणि नाडी बघणारा डॉक्टर गावातलाच ठेवा.

घरच्यांना घेऊन म्हणजे फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट, लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात सुरू झालेली. 19 वर्षांच्या आत आजार सुरू झालेला आणि तीन वर्षांहून कमी काळचा असेल तर ही पद्धत चांगली लागू पडते, हे 1987 पासून दिसत आलंय, म्हणजे तुमची लेक अगदी त्यातच बसते. साधारण 20 सेशन, सहा महिने ते वर्ष. सुरुवातीला काय, किती, कधी खायचं हे पूर्ण आईवडील ठरवतात. तीन जेवणं, मधलं दोन-तीनदा खाणं, प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी बसलेलं, जेवणानंतर तासभर सोबत. ताटात भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर तूप, घरात होतं तेच. रडेल, चिडेल, ताट ढकलेल. टायफॉईड झाला असता तर ‘मनात येईल तेव्हा गोळी घे’ म्हणाला असतात का? तसंच हे, आवाज न चढवता पण न हटता. वजन भरलं की मग हळूहळू खाण्याचा कारभार तिच्या हातात परत द्यायचा, आणि शेवटी अभ्यास, मैत्रिणी, वयात येणं या गोष्टींवर बोलायचं. पोट रिकामं असताना नुसतं कौन्सेलिंग केलं तर फार काही हाती लागत नाही. ॲनोरेक्सियावर थेट काम करणारी गोळी अजून नाही, जास्तच घालमेल असेल तर मानसोपचारतज्ज्ञ काही देतात, ती जोड म्हणून.

मिस्टरांना पहिल्याच सेशनला न्या, कारण एक जण ताटाशी बसलाय आणि दुसरा ‘राहू दे गं’ म्हणतोय असं झालं की आजार त्या फटीतून निसटतो. उपवास तूर्त सगळे बंद, सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तुमच्यापेक्षा लवकर ऐकतील. आणि लग्नाकार्यात ‘किती छान बारीक झालीस गं’ किंवा ‘आता कशी भरलीस’ म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांना आधीच फोन करून ठेवा, या दोन्ही वाक्यांनी महिन्याची मेहनत मातीत जाते, मी बघितलंय.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला, वय 22, कुस्ती करतो. खालच्या वजनगटात खेळायचं म्हणून उपाशी राहतो, मग रात्री हाताला लागेल ते खातो आणि बोटं घालून ओकतो. आता कुस्त्या नसल्या तरी आठवड्यातून चार-पाच वेळा होतं. गाल सुजलेत, छातीत धडधडतं. हा बायकांचा आजार ना? तालमीत कळलं तर हसतील.
— एक पैलवान

उत्तर : भावा, पुरुषांना होतो, आणि वजनगटाच्या खेळात तर जरा जास्तच बघायला मिळतो. लंडनच्याच जेराल्ड रसेल या डॉक्टरांनी 1979 ला याला बुलिमिया नाव दिलं. गाल सुजतात ते लाळेच्या ग्रंथी फुगून. पण मला काळजी धडधडीची आहे, ओकून पोटॅशियम जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ईसीजी आणि पोटॅशियम उद्याच करून घे, तालमीत जोर मारायच्या आधी. ओकल्यावर लगेच ब्रश करू नको, दात झिजतात, साध्या पाण्यानं चूळ भर.

यावर सीबीटी नावाची, विचार आणि सवयी बदलायची थेरपी आहे, साधारण 20 सेशन, पाच महिने. त्यातलं सुरुवातीचंच काम ऐकून तुला हसू येईल, दर तीन-चार तासांनी खायचं, भूक असो नसो, आणि काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं ते लिहायचं. कारण रात्रीचा तो हल्ला दिवसाच्या उपासातूनच येतो, दिवसाचं पोट भरलं की निम्मी लढाई तिथंच ढिली पडते. फ्लूऑक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी यात जरा जास्त डोसनं उपयोगी पडते, पण ती चिठ्ठीवरच, मेडिकलवाल्याला विचारून नाही. वस्तादांना सांगायचं का ते तू ठरव, पण वजनगट वर न्यायची गोष्ट तरी काढच. खुराक खाऊन वरच्या गटात हरलेला पैलवान मी चालवून घेईन.

प्रश्न : मी शिक्षिका, पलूसजवळ राहते, वय 41. दिवसभर डाएट आणि रात्री सगळे झोपल्यावर डबे रिकामे करते, पोट दुखेपर्यंत. ओकत नाही. तीन डाएट प्लॅन मोडले. मनच खंबीर नाही का माझं?

उत्तर : मॅडम, मनाच्या खंबीरपणाशी याचा काही संबंध नाही. बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, 2013 पासून अमेरिकन मानसोपचाराच्या निदानाच्या यादीत वेगळा आजार म्हणून आहे. चौथा प्लॅन घेऊ नका. वर पैलवानाला सांगितलेली सीबीटीच तुम्हाला पण लागू, दुपारचा डबा पूर्ण खा, आणि वजन कमी करायचा विषय हे थांबेपर्यंत बाजूला ठेवा. ओळखीतल्या कोणी सांगितलं म्हणून बारीक व्हायची इंजेक्शनं सुरू करू नका प्लीज. शुगर, थायरॉईड एकदा तपासा.

प्रश्न : नाव न सांगता आधी कोणाशी बोलता येईल का? आणि मेडिक्लेममध्ये हे बसतं का?

उत्तर : येईल. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, रात्री पण चालू, मराठीत बोलता येतं. मेडिक्लेमचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीनं मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच कव्हर द्यायला पाहिजे, पण ओपीडीचा खर्च पुष्कळ पॉलिसीत नसतोच, तेव्हा ॲडमिट व्हायच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या.